उताराची ओवाळणी

दसरा ते दिवाळी आमच्या घरात सीताफळाचा वास मुक्कामाला असायचा. माझ्या बाजेखाली अक्का गव्हाचा भुसा पसरायची आणि त्यात कच्ची सीताफळं एकाला एक न लागतील अशी मांडून ठेवायची. पहाटे उठून ती बाजेखाली हात घालायची, एकेक फळ अंगठ्यानं जरासं दाबून बघायची, आणि तिच्या बांगड्यांच्या आवाजानं मला जाग यायची. जे मऊ लागलं ते पाटीत, बाकीचं परत भुशात. मी डोळे मिटूनच विचारायची, "अक्का, माझं कुठलं?" आणि ती म्हणायची, "फुटलेलं तुझं. चांगलं गिऱ्हाईकाचं." पण रोज एखादं चांगलंही कसं काय फुटायचं, ते तिलाच ठाऊक.

अक्का म्हणजे माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला अक्का म्हणत, म्हणून आई आणि मी आणि सगळं गावच तिला अक्का म्हणायचं. नवऱ्यानं दुसरी बायको केली तशी ती एका गाठोड्यानिशी माहेरी आली. तेव्हा मी पाळण्यात होते. आईनं पुढं मला कितीतरी वेळा सांगितलं की अक्का उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, आत येईना, आणि म्हणाली, "कमल, म्या राहायला आले. पर भावाच्या ताटातलं फुकट खाणार न्हाय. माझ्या हातची कमाई सरंल त्या दिवशी म्या ऊसतोडीला जाईन, मग मला कुणी अडवायचं न्हाय. कबूल असंल तर आत येते." आईनं कबूल केलं. आई सांगायची, "मला वाटलं बोलायची रीत असंल. मला काय ठाऊक, ही बाई बोललेलं खरं करती!" गाठोड्यातून निघालेला कोयता अक्कानं चुलीमागच्या खुंटीला टांगला. माझं सगळं लहानपण त्या खुंटीखाली गेलं.

आमचं गाव येडशीच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. रामलिंगाचं जंगल वरच्या अंगाला, आणि त्याला लागून आमचं गायरान. गायरानाच्या उतारावर सीताफळीची झाडं आपोआप उगवलेली, कुणी न लावलेली. ती झाडं हीच अक्काची शेती. पाटी डोक्यावर घेऊन ती येडशीच्या स्टेशनावर जायची. तेव्हा कुर्डुवाडीहून लातूरला जाणारी छोटी गाडी होती, इतकी निवांत की एखाद्यानं उतरून फळं घ्यावी, घासाघीस करावी आणि परत चढावं. "शीताफळंऽऽ, रामलिंगाची शीताफळं," असं अक्का ओरडायची तेव्हा मला तिची लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा. त्या पैशात घरातलं तेल, गूळ, माझ्या रिबिनी आणि तिचं स्वतःचं लुगडं यायचं. भाऊबिजेला ती अण्णांना ओवाळायची आणि अण्णांनी ताटात काही टाकायच्या आत ताट मागं घ्यायची. "ठिव तुझ्याजवळ. लागंल तवा मागीन." अण्णा दर वर्षी म्हणायचे, "माग की मग," आणि दर वर्षी ती हसून हुलग्याचं माडगं ढवळायला निघून जायची.

डोंगर पेटला तो एका वर्षी, गुढीपाडव्याच्या आधी. त्या दिवसांत आमच्याकडं प्रत्येक घर आपापला बांध पेटवतं. वाळलेली कुसळी जाळली की नांगरट सोपी होते, उंदीर पळतात आणि पुढच्या पावसात गवत जोमानं येतं, असं सगळे मानतात. सकाळी वारा पडलेला असताना ओलं पोतं आणि लिंबाचा डहाळा हाताशी घेऊन पेटवायचं, ही रीत. अण्णांनीही आमचा बांध पेटवला होता, नीट विझवलाही होता. आग कुणाच्या बांधावरनं वर गेली हे गावानं कधीच विचारलं नाही. त्या आठवड्यात काडी कुणी ओढली नव्हती? रेल्वेच्या इंजिनाची ठिणगी उडाली असणार, असं पारावर ठरलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

दुपारी मी अंगणात शेंगा फोडत होते. आधी घारी दिसल्या, खूप घारी, डोंगराच्या एकाच जागेवर फिरणाऱ्या. मग कोतवाल पक्षी. आगीपुढं उडणारे टोळ टिपायला ते येतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, वर कसलंतरी लग्न आहे. मग तडतड असा आवाज यायला लागला, लाह्या फुटाव्यात तसा, आणि आई माडीवरचं वाळवण गोळा करायला धावली. पुरुष डहाळे घेऊन वर पळाले. जंगलाचे गार्डही आले, त्यांनी मोकळा पट्टा काढून आग रामलिंगाच्या बाजूला जाऊ दिली नाही. पण आमचा उतार मधोमध सापडला होता. दोन-तीन दिवस तो धुमसत राहिला.

त्या धुराची चव अजून माझ्या जिभेवर आहे. भाकरीला धूर, दुधाला धूर, अंथरुणाला धूर. पिठात राखेचे काळे पापुद्रे उडून पडायचे आणि आई ते वेचता वेचता कंटाळून तशीच भाकरी थापायची. शेजारच्या म्हाताऱ्या काशीबाईंना दम लागायचा. त्यांना दारं लावून ओल्या धडप्याआड बसवलं होतं. कोंबड्या खुराड्यातून बाहेर येईनात. वरनं ससे खाली आले, घोरपड आली, साप आले, आणि वानरं तर विहिरीच्या काठावर माणसांसारखी रांगेत बसून राहिली. एकीच्या पोटाशी पिल्लू होतं, तिच्या शेपटीचे केस जळाले होते. अक्कानं पितळेची परात पाण्यानं भरून त्यांच्यापुढं सरकवली. आई म्हणाली, "अक्का, लग्नातली परात हाय ती." अक्का म्हणाली, "मग? वऱ्हाडच आलंय."

आग विझल्यावर मी अक्काबरोबर वर गेले. चपलेतून जमीन गरम लागत होती. सगळा उतार काळा, आणि त्या काळ्यावर जिकडंतिकडं पांढऱ्या गोगलगाईंच्या शंख्या, जणू कुणीतरी चुरमुरे सांडले होते. इतक्या गोगलगाई तिथं राहत होत्या हे आम्हाला त्या मेल्यावर कळलं. आणि आवाज कुठलाच नव्हता. तितर नाही, होला नाही, किडा नाही. एक टिटवी तेवढी लांब ओरडत होती. अक्का एका सीताफळीपाशी बसली, तिनं नखानं खोड खरवडलं. काळं. दुसरं खरवडलं. तेही काळं. मग ती उठून घरी आली, आणि ताकाची चरवी घेऊन परत वर निघाली. भाजलं की आमच्याकडं ताक लावतात. तिनं एकेका बुंध्यावर ओंजळभर ताक ओतलं. मी हसले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हस. भाजल्यालं माणूस असतं तर हसली असतीस का?" आज मला वाटतं, ताकाचा झाडाला काही उपयोग झाला नसेल. पण त्या दिवशी अक्काला काहीतरी करायला हवं होतं, आणि घरात ताक होतं.

त्या रात्री जेवताना ती भाकरीचा एकच चतकोर घेऊन उठली. आईनं माझ्याकडं बघितलं, मी खुंटीवरच्या कोयत्याकडं. आम्ही दोघी एकच गोष्ट मनात आणत होतो. सीताफळ नाही म्हणजे पाटी नाही, आणि पाटी नाही म्हणजे दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी. मला भाऊ अजून व्हायचा होता. ते घर म्हणजे अण्णा, आई, मी आणि अक्का. त्यातनं अक्का वजा केली तर माझ्या वेण्या कोण घालणार, एवढाच माझा हिशेब होता, पण तो मला फार मोठा वाटत होता.

मग पारावर राखेची गोष्ट निघाली. उकिरड्यावर चुलीची राख टाकतात, कांद्याच्या वाफ्यात राख टाकतात. मग डोंगरभर पडलेली राख वाऱ्यावर का जाऊ द्यायची? "देवानं खत दिलंय, भरून न्या," पांडूतात्या म्हणाले. ते गावात वयानं मोठे, आणि आवाजानंही. झालं. तरवडाचे खराटे बांधले गेले, बैलगाड्या जुंपल्या गेल्या. राख, जळका पाला, वरची भुरभुरी माती, सगळं झाडून पोत्यांत भरायचं, आणि सीताफळीची जळकी खोडं मुळासकट खणून जळणाला आणायची. गाव किती आनंदानं कामाला लागलं होतं, ते मला आठवतं. एवढ्या नुकसानीतून काहीतरी फुकटचं हाती लागत होतं. अण्णांची गाडी सगळ्यांत पुढं होती. उताराच्या मधून ओढा जायचा; त्याच्या पलीकडचा अर्धा उतार पहिल्या तीन-चार दिवसांतच कसा अगदी सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ झाला.

अक्का त्या रात्री अण्णांना म्हणाली, "अलीकडचा उतार राहू दे. माझी झाडं मेली न्हाईत, मुळात जीव हाय." अण्णा थकलेले होते. ते म्हणाले, "अक्का, कोळसा झालाय त्याचा. गाव ऐकणार हाय का माझं? आन् म्या एकट्यानं राख सोडली तर दुसरा भरून नेईल." ते खोटं बोलत नव्हते. अक्का उष्टी ताटं उचलून मोरीत गेली. मला वाटलं, संपलं.

सकाळी गाड्या ओढ्याच्या अलीकडं लागल्या. मी अण्णांची भाकरी घेऊन गेले होते. बघते तर अक्का पायवाटेनं वर येत होती, धुतलेलं लुगडं नेसून, हातात ओवाळणीचं ताट. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. चैत्र लागायच्या दिवसांत, राखेनं माखलेल्या बैलांमधून, अशी ती चालत आली. तिच्यामागं आई होती. वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून आई पदर आडवा धरून तिरपी तिरपी चालत होती. आईला चारचौघांत मान वर करायची सवय नव्हती, आणि त्या दिवशी ती सगळ्या गावादेखत चालत आली, हे मी विसरले नाही.

"अक्का, हे काय करूलालीस?" अण्णा गाडीवरनं उतरले. "आज भाऊबीज हाय का?"

"न्हाय. खाली बस."

अण्णा बसले. थोरली बहीण बस म्हणाली की बसायचं, एवढं अंगात मुरलेलं होतं. अक्कानं त्यांच्या काळ्या झालेल्या कपाळावर कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. कुणीतरी खो खो हसलं. मग तिनं ताट मागं घेतलं नाही. पुढं धरलं आणि तसंच धरून ठेवलं. "दर साली म्हणतूस, माग. आज मागते. ह्या ओढ्याच्या अलीकडचा उतार. राखंला हात लावायचा न्हाय, खोडाला कुदळ लावायची न्हाय. पुढल्या दिवाळीपतूर. मग खुशाल न्या."

हसणं थांबलं. पांडूतात्या म्हणाले, "अरं, गायरान काय तुझ्या बापाचं हाय व्हय, बहिणीला द्यायला?"

अण्णा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाजेनं लाल झाला होता, आणि मला वाटलं ते अक्कालाच काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "बापाचं न्हाय, तात्या. गावाचं हाय. म्हणून गावाला मागतोय. बहिणीनं ताट म्होरं केल्यावर न्हाय म्हणायची रीत कुणाच्या घरात असंल, त्यानं सांगावं. म्या त्याचं ऐकतो." तिथं बहीण नसलेला माणूसच नव्हता. शेवटी तात्याच खाकरले, "बायामाणसांनी आता शेत करायचं ठरवलंय तर करू द्या," आणि त्यांनी आपले बैल वळवले. एकामागं एक गाड्या वळल्या.

आता ही गोष्ट सांगताना सगळे हसतात, पण त्यानंतर कितीतरी दिवस अण्णा अक्काशी बोलले नाहीत. चारचौघांत आपल्याला कोंडीत धरलं, हे त्यांना लागलं होतं. भाकरी हवी असली तरी ते आईला सांगायचे, "तिला म्हण, वाढ." अक्का वाढायची आणि येसरच्या आमटीची वाटी जरा जोरात ठेवायची. मी मधे बसून दोघांच्या तोंडाकडं बघत जेवायची.

वळवाचा पाऊस आला तो नेहमीसारखाच, गारा घेऊन, धसमुसळा. दुसऱ्या दिवशी आई विहिरीवर गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली. पाणी नव्हतं असं नाही, पाण्याच्या जागी चिखल होता. ओढ्यापलीकडचा झाडलेला उतार तांबडा होऊन खाली आला होता. तिथं आता नुसता मुरूम आणि दगड, गवत धरायला तरी काय उरलं होतं. कडक आगीनं वरची माती तापली की ती काही दिवस पाणी पिईनाशी होते, आणि जळका पाला, राख हेच तिचं उरलंसुरलं पांघरूण असतं, हे मी पुढं कॉलेजात असताना वाचलं. आम्ही ते पांघरूण खराट्यानं काढून पोत्यात भरलं होतं. अक्काला यातलं काहीच माहीत नव्हतं. आपली झाडं कुणी उपटू नयेत, इतकंच तिला हवं होतं. तिचा उतारही थोडा वाहिला, पण जळक्या काटक्यांना आणि मुळ्यांना माती अडून राहिली.

विहिरीतला गाळ काढायला अण्णा उतरले. वर रहाटाच्या दोराला बायका होत्या, सगळ्यांत पुढं अक्का. पाटी वर यायची, चिखल ओतला जायचा, पाटी खाली जायची. संध्याकाळी अण्णा वर आले तेव्हा डोळे सोडून सगळे मातीचे होते. अक्कानं गुळाचं पाणी पुढं केलं. त्यांनी ते पिऊन टाकलं, तांब्या परत दिला आणि म्हणाले, "तुझ्या बाजूचं पाणी नितळ येऊलालंय." एवढंच. अक्का घरी आली आणि मोरीत तोंड धुता धुता रडली. मला म्हणाली, डोळ्यात गाळ गेलाय.

आषाढात तिच्या बुंध्यांना धुमारे फुटले. सगळ्यांना नाही, निम्मी झाडं खरोखरच गेली होती. पण जी उरली त्यांना जमिनीलगत पोपटी पानं आली, आणि अक्का रोज वर जाऊन ती बघून यायची, तान्ह्या बाळाला बघून यावं तशी. गवत आलं, गवतामागं टोळ आले. तितर मात्र त्या वर्षी ऐकू आला नाही. झाडांना फळ धरेल असं कुणालाच वाटत नव्हतं. अक्कालाही नाही. दसऱ्याच्या दिवशी तिनं कोयता खुंटीवरनं काढला, बाकीच्या हत्यारांबरोबर त्याची पूजा केली, आणि पूजा झाल्यावर तो परत खुंटीला न लावता गाठोड्यात ठेवला. मुकादम चार दिवसांनी येणार होता. आई म्हणाली, "अक्का, असं करू नका. मला तुमच्याबगर करमायचं न्हाय." अक्का म्हणाली, "बोलले व्हते, कमल."

मी मागच्या अंगणात जाऊन रडले. अण्णा माझ्यासमोर आले आणि पाटी घेऊन डोंगराकडं निघून गेले. उन्हं कलेपर्यंत आले नाहीत. ते आले तेव्हा पाटी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. ओढ्याच्या कडेला जी झाडं नुसती होरपळली होती, त्यांच्या नव्या फांद्यांना बारकी, काळपट फळं धरली होती; पानाआड असल्यामुळं कुणाला दिसली नव्हती. अण्णांच्या अंगावर ओरखडेच ओरखडे. ते म्हणाले, "अक्का, भुसा कुठं हाय?"

फळं पिकली त्या दिवशी मुकादमाची गाडी वेशीत उभी होती. अण्णांनी पाटी उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली. आमच्याकडं बाप्या माणूस स्टेशनावर फळाची पाटी घेऊन जात नाही. पांडूतात्यांच्या दारावरनं जाताना ते मुद्दाम सावकाश चालले. मी आणि अक्का मागं. मुकादमानं हाक मारली, "अक्का, येताय न्हवं?" अक्का माझा हात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "गाडीची येळ झालीया. फळं नासतील." आणि ती चालायला लागली.

तेवढी फळं विकायला काय वेळ लागतो. शेवटचं एक अक्कानं विकलं नाही, फोडून अण्णांच्या हातात दिलं. स्टेशनाच्या ओट्यावर बसून अण्णांनी ते खाल्लं. बिया थुंकल्या नाहीत, धोतराच्या सोग्यात गाठ मारून ठेवल्या. परत येताना ते ओढ्याच्या पलीकडं वळले, त्या उघड्या, धुऊन गेलेल्या उतारावर, आणि टाचेनं मुरूम उकरून एकेक बी दाबत गेले. अक्का लांबून ओरडली, "आरं, तिथं माती न्हाय, काय उगवतंय!"

त्या वर्षी एकही बी उगवलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. पण दर भाऊबिजेला ओवाळून झालं की अण्णा बिया आणि शेणखताचं घमेलं घेऊन पलीकडं जायचे आणि अक्का त्यांच्यामागून पाण्याची घागर घेऊन जायची. कोयता खुंटीवर परत आला आणि पुढं भाजी चिरून चिरून झिजला. आता अण्णा आणि अक्का दोघंही नाहीत. डोंगर अजून पेटतो. हल्ली आग लागली की भाच्याच्या फोनवर जंगलखात्याचा इशारा येतो आणि पोरं मोटारसायकलीवर डहाळे घेऊन जातात. मागच्या दिवाळीला मी ओढ्याच्या पलीकडं गेले होते. तिथं सीताफळी आहेत, विरळ, खुज्या, दगडातनं वर आलेल्या. एक फळ हाताला लागलं. खाल्लं, आणि बिया पदराला बांधून थोडी वर चढले, जिथं अजूनही उघडं आहे तिथपर्यंत.